तंबाखू सोडली की सुटली?

एसटीतला प्रवासी (धागाकर्ता)

परवा इथे 'मनात आणलं की माणूस बदलतो' असा लेख आला. लेखकाने पहाटे पाचला उठणं, साखर बंद, मोबाइल उशापासून लांब, हे सगळं एकवीस दिवसांत जमवलं म्हणे. जमवलं असेल, आनंद आहे. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की ज्यांची तंबाखूसारखी साधी गोष्ट सुटत नाही, त्यांची मुळात इच्छाच नसते. खाली वाहवांची रांग. दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. इच्छाशक्ती कमी पडली, दुसरं काय.

मी सव्वीस वर्षं तंबाखू खाल्ली. साखर कारखान्यात फिटर होतो. पहिल्याच हंगामात रात्रपाळीला आमच्या मिस्त्रींनी मळलेली तंबाखू समोर धरली. नाही कसं म्हणणार? डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायची, नखाने चुना काढायचा, उजव्या अंगठ्याने रगडायचं, दोन थापा मारून धूळ उडवायची. मग आधी समोरच्यापुढे हात करायचा आणि नंतर आपण बार भरायचा. हा क्रम कुणी शिकवत नाही, पण चुकवला तर माणूस हलका ठरतो. मिलच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. 'काय रे, बरा आहेस ना' हे तिथे तळहात पुढे करूनच विचारतात.

सोडायचा प्रयत्न तीनदा केला. पहिल्यांदा डबी कॅनॉलमध्ये फेकली आणि संध्याकाळी नवी घेतली. दुसऱ्यांदा बायकोने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. चौथ्या दिवशी मुलाला ताप भरला. शपथ मोडली म्हणून ताप आला की तापाच्या काळजीने शपथ मोडली, हे आता खरंच आठवत नाही, पण ती रात्र आठवते. तिसऱ्यांदा कारखान्यात व्यसनमुक्तीचं शिबिर झालं, हात पुढे करून प्रतिज्ञा घेतली. मांडवाबाहेर आलो आणि प्रतिज्ञा घेतलेल्या आम्ही चौघांनी एकाच डबीतून खाल्ली.

२०१४ साली नोकरी बदलली. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या बॉयलरवर लागलो. गेटवर खिसे तपासायचे, आत आठ तास काहीही चालत नसे. सुरुवातीला डोकं फुटायची वेळ यायची, घरी आलो की दुप्पट खायचो. पण तिथे कुणी तळहात पुढे करत नव्हतं. हळूहळू घरचीही कमी झाली असणार. दिवाळीच्या सुट्टीत बायको म्हणाली, "तीन दिवस झाले, थुंकायला उठला नाहीत." मला पत्ताच नव्हता. मी तंबाखू सोडली नाही हो, ती सुटली.

आता ते एकवीस दिवस. ते आले मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनकडून. नवं नाक आपलंसं वाटायला रुग्णाला कमीत कमी एकवीसेक दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. त्यातलं 'कमीत कमी' गळालं, नाकही गळालं, एकवीस तेवढे उरले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ लोकांकडे पाहिलं, तर सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले आणि कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला.

आणि व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक. तिथे शेकड्याला वीस जण स्वतःला हेरॉइन-अफूचे गुलाम म्हणवत होते. १९७१ साली परतलेल्यांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. त्या गुलामांपैकी पहिल्या वर्षात शंभरातले पाचच पुन्हा अडकले. बाकीचे काय पहाटे पाचला उठत होते? जागा बदलली, सोबत बदलली. बस. तेव्हा इच्छाशक्तीची प्रवचनं आवरा.


बाभूळ

काका, मी त्या लेखाला वाहवा दिलेल्यांपैकी एक. तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावर बांधलेला इमला मला पटत नाही.

माझे वडील शिंपी. मशीन, खुर्ची, ओटा, गल्ली, चाळीस वर्षं काहीही बदललं नाही. शेजारी पानाची टपरी, तीही तिथेच. वडील तोंडात बार धरूनच शिवायचे. १९८९ च्या लग्नसराईत एका नवरदेवाचा पांढरा शर्ट शिवत होते. दात लावून दोरा तोडायला वाकले आणि एक थेंब पडला, बरोबर खिशाच्या वर. लिंबू, साबण, रॉकेल, सगळं करून झालं. पिवळट कडा राहिलीच. पदरच्या पैशाने तोच कपडा आणला, रात्रभर बसून दुसरा शर्ट शिवला आणि सकाळी डबी मशीनच्या खणात टाकली. ते गेले २०१७ ला. खण उघडला तर डबी तिथेच होती, चुना दगड झालेला.

जागा तीच, सोबत तीच, टपरी तीच. मग सुटली कशी? 'सुटली' म्हणालात की त्या रात्री जागून ठरवणाऱ्या माणसाचं श्रेय तुम्ही काढून घेता. मला राग त्याचा आला.


लंडनचा पाऊस

प्रवासी काकांशी १००% सहमत. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी आली. ऑफिसबाहेर, पबबाहेर, पावसात कुडकुडत उभं राहायचं. दोन हिवाळे केले, मग कंटाळा आला. माझी सिगारेट कंटाळ्याने सुटली. आपल्याकडे हे होणं शक्य नाही, कारण आपल्याकडे कायद्याला कुणी विचारत नाही. मागच्या वेळी आलो तेव्हा एका सरकारी इमारतीचा जिना चढलो, कोपरे बघवत नव्हते. देवांच्या फरशा लावल्यात तिथे, आणि देवांच्या वर थुंकलेलं. इकडे एक माणूस रस्त्यावर थुंकताना दिसत नाही.


रिकामा डबा

आली का तिकडची शिस्त! साहेब, कुठल्याही मॅचच्या रात्री तुमच्या पबबाहेरच्या भिंती कशाने ओल्या असतात ते आम्हीही पाहिलंय, टीव्हीवर. बंदीचं म्हणाल तर महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ ची आहे. टपरीवाला एका पुडीत पानमसाला देतो, दुसरीत तंबाखू. आपण चिमटीत दोन्ही धरून हलवायच्या, झाला गुटखा. बंदीने काय सुटलं? एका पुडीच्या दोन झाल्या.


नवीन सदस्य ४१

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ करा. वडील ६१ वर्षांचे, शेती. तंबाखू आणि सुपारी दोन्ही. महिनाभर डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, भाजी तिखट असली की झोंबतं म्हणतात. दवाखान्यात चला म्हटलं की विषय बदलतात. काय सांगितलं म्हणजे ऐकतील?


दाढदुखी

तालुक्याच्या गावी १९ वर्षं दातांचा दवाखाना चालवतो. बाभूळताई आणि प्रवासी काका दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे की कळलं म्हणून कुणी सोडत नाही. ते मात्र अगदी बरोबर. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला कळलेलं असतं. पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागेवर सडलेल्या तोंडाचा फोटो आणि इशारा आहे, मदतीचा फुकट फोन नंबरही छापलेला असतो. तरी माझ्या खुर्चीत बसलेल्यांना फोटोत काय आहे ते सांगता येत नाही. का? तर पुडी टपरीवरच फोडून डबीत रिकामी करतात. फोटो टपरीवाल्याच्या कचऱ्यात. डबीवर मात्र मोर.

मी फोटो दाखवणं बंद केलं. आता म्हणतो, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. निरोगी माणसाच्या जातात. सुपारी खाणाऱ्याच्या दोनच जातात, कधी दीडच. (लोक तंबाखूवर तुटून पडतात, पण तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीने. 'मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे वाचावं.) तिसरं बोट दाताला अडतं तेव्हा माणूस माझ्याकडे बघतो. ते बघणं फोटोला कधी मिळालं नाही.

तरी त्यातले किती सोडतात? थोडे. बाकीचे पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात जातात.


पाटाचं पाणी

रामकृष्ण हरी मंडळी. तुम्ही सगळे शिकलेले, व्हिएतनामपर्यंत जाऊन आलात. जरा पंढरपुरापर्यंत या. आमच्या गावात निम्म्या लोकांची दारू माळ घातल्यावर सुटली. मीही त्यातलाच. २००९ च्या कार्तिकीला महाराजांच्या हातून माळ घातली, त्या दिवसापासून थेंब नाही. मटण नाही. जागा तीच, रान तेच, गुत्ता वाटेवरच. गळ्यात माळ असली की गुत्त्यावाला स्वतःच म्हणतो, "माऊली, पुढं चला." सव्वाशे वेळा मनाला विचारावं लागत नाही. एकदा विचारलं, संपलं.


नास्तिक नाना

आलं का गाडं वारीवर! पाटाचं पाणी, तुमची सुटली, अभिनंदन. पण 'निम्म्या गावाची' म्हणताना जरा दमानं. आमच्याही गावात माळकरी आहेत. गटारीच्या आदल्या दिवशी माळ खुंटीला लावतात आणि श्रावण लागला की पुन्हा गळ्यात. खुंटीच वारकरी म्हणायची. आणि दारू-मटण सुटलं, पण तंबाखू? दिंडीत दुपारच्या विसाव्याला बघा, टाळ खाली आणि डबी वर. तुमच्या गळ्यातल्या माळेला तंबाखू चालते कशी?

देवाच्या धाकाने सुटलेलं हे बदलणं नाही, नजरकैद आहे.


पाटाचं पाणी

नाना, खुंटीला माळ लावणारे असतील. लग्न मोडणारे असतात म्हणून लग्न खोटं ठरत नाही. आणि धाक म्हणाल तर माझा बाप दारूत गेला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. ते बघूनही मी पुढं प्यायलोच की. तेव्हा धाक नव्हता का? माळ घातल्यावर भीती वाटत नाही, सोबत वाटते. आषाढी-कार्तिकीला माझी वाट बघणारी माणसं आहेत. तुमच्याकडं कोण वाट बघतंय?


नास्तिक नाना

वैयक्तिक होऊ नका. माझी वाट कोण बघतं हा धाग्याचा विषय नाही.


भाकरतुकडा

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा, मधे काही नाही. माझं अकरा किलो उतरलं. सगळ्या व्यसनांचं मूळ इन्सुलिन आहे.


बाभूळ

भाकरतुकडा, कृपा करा. तुम्ही दिवाळी फराळाच्या धाग्यावरसुद्धा हेच लिहिलं होतं.

प्रवासी काका, तुमच्या व्हिएतनामकडे येते. मीही वाचलंय ते. सैनिकांना विमानात चढण्याआधी लघवी तपासायला द्यावी लागायची. तपासणीत सापडला की घरी जाणं लांबणीवर, आधी उपचार. बहुतेकांनी त्या काही दिवसांपुरतं बंद केलं आणि तपासणी पार केली. म्हणजे जागा बदलण्याआधीच, त्याच छावणीत, त्याच सोबतीत त्यांनी थांबवून दाखवलं. कारण घरी जायचं होतं! याला इच्छा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणि ते ९६ लोक सवय लावत होते, सोडत नव्हते. जेवणाबरोबर फळ खा, फिरायला जा, असल्या सवयी. ते तंबाखूला लावणं म्हणजे लोणच्याची कृती वाचून विहीर खणणं.


एसटीतला प्रवासी

लघवीच्या तपासणीचं मला माहीत होतं. मुद्दाम लिहिलं नाही, कारण माझ्या मुद्द्याला गैरसोयीचं होतं. झालं समाधान? पण ताई, चार दिवस दम धरणं वेगळं आणि पुढचं वर्षभर तिकडे न वळणं वेगळं. चार दिवस मीही धरला होता, शपथेच्या वेळी.

तुमच्या वडिलांबद्दल एक विचारतो, रागावू नका. इतकी वर्षं तोंडात बार धरून शिवत होते, तर त्याआधी कधी थेंब पडला नव्हता?


बाभूळ

पडला होता. आई सांगते, दोनदा. एकदा तर ब्लाउजपीसवर, आणि ती बाई दारात उभी राहून वाट्टेल ते बोलून गेली होती. तेव्हा नाही सोडली.


एसटीतला प्रवासी

मग त्याच शर्टाला का?


बाभूळ

माहीत नाही. विचारलं होतं. म्हणाले, "तो पोरगा काहीच बोलला नाही." नवरदेव शर्ट न्यायला आला तेव्हा वडिलांनी सगळं खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, "असू द्या मामा, जुनाच दिला असता तरी चाललं असतं." त्यावर काय सिद्धांत मांडायचा तो तुम्ही मांडा.


नास्तिक नाना

म्हणजे अपराधीपणा. पुन्हा धाकच, फक्त देवाऐवजी नवरदेवाचा.


बाभूळ

नाना, तुम्हाला प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लावायची असते.


पाटाचं पाणी

नानांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. आणि तंबाखूचं म्हणाल तर खरं आहे, माळकरी खातात. मीही खातो. दारू माझ्या घरात भांडी फोडत होती, तंबाखू कुणाचं काय फोडतीया? गाडगेबाबांचे वडीलही दारूतच गेले. बाबांनी जन्मभर कीर्तनातून दारूविरुद्ध सांगितलं. त्यांना काय नजरकैद होती?


नास्तिक नाना

गाडगेबाबांना मधे आणू नका. त्यांनी कुणाच्या गळ्यात माळ घातली नाही, हातात खराटा दिला. आणि जन्मभर विचारलं काय, तर देव कुठे आहे? बाबा आमच्या बाजूचे.


रिकामा डबा

आता बाबांची वाटणी चालू. धागा तंबाखूचा होता हो!


मोहोर

इतका वेळ वाचत होते. लिहायचं नव्हतं.

पाटाचं पाणी, माझ्या वडिलांनी १९९४ ला माळ घातली. खरंच पाळली, खुंटीला कधी लावली नाही. गावात त्यांचं केवढं नाव, 'अण्णा बदलला बघा.' आता मी घरात काय बदललं ते सांगते. मटण खाणारे दोन दीर आणि सासू एकाच घरात, म्हणून आईने दुसरी चूल घातली. अण्णांचा तवा वेगळा, पातेली वेगळी, उलथनंसुद्धा वेगळं. बुधवार-रविवार दोन स्वयंपाक. एकादशीला वरी, बाकीच्यांना भाकरी. वारीला अण्णा अठरा दिवस गेले की पेरणीच्या मजुरांमागे आई. तिने माळ घातली नव्हती. बदल अण्णांच्या गळ्यात दिसला, झाला तो आईच्या हाताखाली.

आणि इथे सगळ्या गोष्टी पुरुषांच्या. तळहात पुढे करणं, डबी फेकणं. आई मशेरी लावते, लग्न होऊन आली तेव्हापासून. परसात फुटक्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते, पाट्यावर वाटते, पहाटे चुलीमागे बोटाने हिरड्यांना लावते. दिवसातली तेवढी दहा मिनिटं तिला कुणी हाक मारत नाही. अण्णांनी दारू सोडावी म्हणून आजी, मामा, महाराज, शेजारी, सगळे झटले. आईची मशेरी सोडवायला कुणी आलं नाही, कारण तिच्या मशेरीने कुणाचं अडत नव्हतं. आज ती ७४ वर्षांची आहे. अजून लावते.

सोडली की सुटली यावर हवा तेवढा कीस पाडा. कुणाचं सोडवायला लोक धावतात आणि कुणाचं नाही, ते मोजा एकदा.


लंडनचा पाऊस

ताई, हे मनाला लागलं. पण मशेरी घरी भाजतात म्हणजे ती कायद्याच्या कक्षेतच येत नाही, इकडे असतं तर


रिकामा डबा

लंडन, आता तरी थांबा.


दाढदुखी

मोहोरताईंच्या बोलण्याला दुजोरा. मशेरी लावणाऱ्या बाया माझ्याकडे तंबाखूसाठी येतच नाहीत. 'दात हलतोय' म्हणून येतात. तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या लेखी खरं असतं. मशेरी म्हणजे त्यांचं दंतमंजन. मी फॉर्मवर वेगळा रकाना घातला, तेव्हा पहिल्यांदा कळलं किती जणी आहेत.


नास्तिक नाना

बघा, माझा मुद्दा हाच होता. धर्माचा बदल हा बायकांच्या कष्टावर


मोहोर

नाना, तुमचा मुद्दा हा नव्हता. तुमचा मुद्दा खुंटी हा होता. आणि तुम्ही नास्तिक झालात तेव्हा घरातले कुळाचार तुम्ही बंद केलेत, की तुम्ही आतल्या खोलीत पेपर वाचत बसता आणि वहिनी एकट्या पुरणाचा घाट घालतात?


नास्तिक नाना

(संपादित) ठीक आहे. दुसरं.


पाटाचं पाणी

मोहोरताई, कालपासून दोनदा लिहून खोडलं. आमच्या घरीही तवा वेगळा आहे. पोरगा अंडी खातो. तवा कोण घासतं हे मी आजवर बघितलं नव्हतं, काल बघितलं. माळ मी काढणार नाही, सांगून ठेवतो. तवा मी घासीन. मंडळी हसली म्हणाली, "कोण बोललं काय तुम्हाला?" तुमचं नाव सांगितलं नाही.

तंबाखूचं मात्र बघू. सगळं एका धाग्यात नको.


एसटीतला प्रवासी

'सुटली' हा शब्द मी मागे घेत नाही, पण एवढं कबूल करतो की ती सुटली तेव्हा घरात कोण काय करत होतं हे मी लिहिलंच नाही. सुरुवातीच्या त्या दिवसांत मी घरी राक्षसासारखा वागत होतो. ताट फेकलं होतं एकदा. बायको तिन्हीत्रिकाळ खिशात लवंग आणि बडीशेप भरून ठेवायची. गेटवरचा रखवालदार ती पुडीसुद्धा काढून घ्यायचा, ही परत भरायची. हे वाचून ती म्हणाली, "जागा बदलली म्हणे!" आणि आत गेली. त्यामुळे बाभूळताई, अर्धा मुद्दा तुमचा. अर्धाच.


बाभूळ

अर्धा उपकार म्हणून ठेवून घेते. माझ्या वडिलांच्या गोष्टीत आई कुठे होती, हे मलाही आज दुपारी फोन करून विचारावं लागलं. ते दुसरा शर्ट शिवत होते त्या रात्री काजं आणि बटणं तिने केली. मी जन्मभर 'वडिलांनी रात्रभर बसून शिवला' असंच सांगत आले.


भाकरतुकडा

सौ. चं वजनही उतरलं का, हे कुणी विचारत नाही. उतरलं नाही. स्वयंपाक दोन वेळाच करावा लागतो म्हणून ती खूश आहे मात्र.


रिकामा डबा

हा तुमचा आजवरचा पहिला उपयुक्त प्रतिसाद.


नवीन सदस्य ४१

सगळ्यांचे अनुभव वाचले, खूप शिकायला मिळालं. माझा प्रश्न वर राहून गेला बहुतेक. वडिलांच्या गालात चट्टा आहे. महिना झाला म्हटलं होतं, आता पाच आठवडे.


दाढदुखी

अरे देवा. माफ कर, नजरेतून सुटला. मी वर सुपारीवर भाषण देत होतो आणि तुझा प्रतिसाद माझ्या अगदी वर होता.

ऐक. तंबाखू सोडा, सुपारी सोडा, यातलं आत्ता काहीही म्हणू नकोस. त्यावर भांडण होईल आणि दवाखाना राहील. दोन-तीन आठवड्यांत न जाणारा पांढरा चट्टा दाखवलाच पाहिजे. बऱ्याचदा साधा निघतो, पण तो साधा आहे हे बघून ठरत नाही, गरज पडली तर छोटा तुकडा काढून तपासतात. तोंड तपासायचं आहे एवढंच सांग. चट्टा कडक लागतो का? रक्त येतं? मानेला गाठ? तोंड किती उघडतं, तीन बोटं जातात का?


नवीन सदस्य ४१

कडक कळत नाही, हात लावू देत नाहीत. रक्त नाही. बोटांचं आत्ता करून बघायला सांगितलं.


मोहोर

आई काय म्हणते? तिला विचारलंस?


नवीन सदस्य ४१

आई म्हणते भाजीत तिखट कमी केलंय. दीड महिना झाला म्हणे.


बाभूळ

म्हणजे चट्टा तुला कळायच्या आधी तिला कळलाय. तिलाच सोबत ने. तूही जा.


दाढदुखी

बोटांचं काय झालं?


नवीन सदस्य ४१

दोन गेली. तिसरं नाही. हसले आणि म्हणाले माझी बोटंच जाड आहेत, शेतकऱ्याची आहेत. मग माझी घालून बघितली, माझी तीन जातात. गप्प बसले थोडा वेळ.

आत्ता बाहेर गेलेत बैलांकडे. म्हणाले, पोळा झाल्यावर जाऊ.


दाढदुखी

पोळ्याला नऊ दिवस आहेत. बैलांचा रंग, झूल, घुंगरं आणायला तालुक्याला यायचंच असेल ना? त्या दिवशी आण. शनिवार असेल तरी चालेल, मी थांबतो. कुठला तालुका ते मला व्यक्तिगत निरोपात कळव. माझा नसला तर तिथला कुणीतरी बघून देतो.


नवीन सदस्य ४१

निरोप पाठवला. झुलीचं सांगितलं त्यांना. गुरुवारी निघू म्हणाले. डबी खिशातच आहे.